रेखे, मला विचारायचं होतंस

रेखे, तू गेलीस त्याला आज सोळा दिवस झाले, आणि तुझ्या वाचक पोरी अजून विचारताहेत की भाग एकोणसाठ कधी येणार. त्यांना काही माहीत नाही. त्यांच्या लेखी तू विशीतली कुणी आर्या आहेस, फोटोच्या जागी गुलमोहर लावणारी, पुण्यात नाहीतर निदान नाशकात राहणारी. देऊळघाटच्या मळ्यात मेथीच्या जुड्या बांधणारी त्रेचाळीस वर्षांची बाई त्यांना ठाऊक नाही, आणि ती मेली हेही ठाऊक नाही. सकाळी दुकान उघडलं की मी मोबाईलवर तुझं ते कथांचं ॲप उघडते. एकीनं लिहिलंय, ताई, निहार असं बोलूच शकत नाही, तो नक्की नाटक करतोय ना? दुसरीनं नुसती रडकी तोंडं टाकलीत, चांगली ओळभर. तिसरी धमकी देते की दोन दिवसांत भाग आला नाही तर ती वाचणं सोडून देईल. मी कुणालाच उत्तर देत नाही. उत्तर लिहायला बसले तर माझा राग त्या बिचाऱ्या पोरींवर निघेल, आणि तो त्यांच्यावर नाहीये. तो तुझ्यावर आहे.

गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. जो म्हणतो त्याला आणा माझ्यासमोर. बुलढाण्यात कोर्टासमोर टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान चालवून मला बावीस वर्षं झाली. माणसं मेलेल्यांवर किती काळ रागावून राहू शकतात, ते मी वारसांच्या अर्जांतून रोज टाइप करते.

तू पहिल्यांदा आलीस तीही सातबाऱ्याच्या झेरॉक्ससाठी. झेरॉक्स झाल्या तरी घुटमळत राहिलीस. मग भाजीच्या पिशवीतून पोरीची वही काढलीस आणि म्हणालीस, पोरगी गोष्टी लिहिते, टाइप करून मिळंल का. मी वही उघडली. प्राची तेव्हा दुसरीत होती. दुसरीतली पोरगी ‘त्याच्या श्वासाचा गारवा तिच्या मानेवर रेंगाळला’ असं लिहीत असेल तर तिला आधी डॉक्टरकडं न्या, असं मी म्हटलं. तू पदर तोंडाला लावून इतकी हसलीस की समोरच्या टपरीतला चहावाला पाहायला आला. त्या दिवसापासून तू लिहायचं आणि मी दुरुस्त करून ॲपवर चढवायचं, असं आपलं ठरलं. नऊ वर्षं ठरलेलं होतं ते, रेखे. मोडताना तरी नीट मोडायचं.

तुझ्या आधीच्या गोष्टी मला आता आठवतही नाहीत, सगळ्यांत एक श्रीमंत मुलगा आणि एक गैरसमज असायचा. पण ‘कापूसपाऊस’ सुरू झाली आणि मीसुद्धा अडकले. खामगावातली कापसाची बंद पडलेली जिनिंग मिल, तिथं तीस वर्षांपूर्वी मेलेला आणि अजून सतराच वर्षांचा असलेला निहार, आणि बारावीचा क्लास बुडवून त्याला भेटायला जाणारी स्वरा. तो जवळ आला की हवेत कापसाचे तंतू उडायला लागायचे. आणि तू घातलेली ती दुष्ट अट: स्वरानं त्याला हात लावला की तिच्या आठवणीतून एक माणूस पुसला जायचा. आधी शाळेतली मैत्रीण गेली, मग मामा गेला, मग एके दिवशी तिला स्वतःच्या आजीचं नाव आठवेना. पोरी वेड्या झाल्या होत्या वाचून. मीही तुला मुद्दाम विचारायचे की बाई, हे भूत खामगावचं आणि बोलतं असं, जसं काही आकाशवाणीवर बातम्या द्यायला बसलंय.

त्यालाही कारण होतं. वह्या सुटल्यावर तू लिहायचीस कुठं, बोलायचीस. बोटांना माती, म्हणून मोबाईल मेथीच्या वाफ्यात दगडाला टेकवून ठेवायचीस आणि त्याला गोष्ट सांगायचीस, तो टाइप करायचा. पण त्याला आपली भाषा कळत नव्हती. ‘मले’ म्हटलं की तो भलतंच काहीतरी उमटवायचा. म्हणून तू त्याच्याशी कडक इस्त्रीची पुस्तकी मराठी बोलायचीस, विरामचिन्हांसकट. एकदा मी मळ्यात आले होते तेव्हा तू वाकून जुड्या बांधता बांधता म्हणत होतीस, ‘निहारनं थरथरत्या बोटांनी तिच्या गालाला स्पर्श केला पूर्णविराम.’ शेजारच्या वाफ्यातून कौसाबाई ओरडली, “पूर्णविराम कायले देते वं, होऊ दे नं पुढं.” तुझ्या मजूर बाया तुझ्या पहिल्या वाचक होत्या, मी दुसरी. ॲपवरच्या पोरींचा नंबर त्यानंतरचा.

आणि अरुण. त्याला विसरून कसं चालेल.

माझा नवरा अकोल्याच्या दवाखान्यात पाच महिने होता. तू आठवड्यातून दोनदा एसटीनं यायचीस, भाकरी आणि दही घेऊन, आणि त्याच्या खाटेशेजारी बसून मोबाईलला गोष्ट सांगायचीस. त्याला केमोनं तोंड उघडवत नव्हतं, पण डोळ्यांनी हसायचा. जाण्याच्या चार दिवस आधी त्यानं मला विचारलं होतं की त्या भुताचं पुढं काय झालं. मी तुझे उपकार मोजत नाही, ते मोजण्यासारखे नव्हते. फक्त एवढंच सांगते की त्या वॉर्डात मला जिच्यापुढं रडता आलं, अशी तू एकटी होतीस.

त्याला पोचवून आल्यावर मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून एक वाक्य बोलले. मला आठवतंय. म्हणाले, आता पुन्हा कुणाचं असं पाहणं मला जमणार नाही, कुणाचंही नाही, तुझंसुद्धा नाही. माणूस रडताना काय वाटेल ते बोलतं, रेखे. त्या दिवशी मी देवालाही शिव्या दिल्या होत्या. त्या तू सोडून दिल्यास आणि हे एवढं वाक्य गाठीला बांधून ठेवलंस.

आता भाग अठ्ठावन्नबद्दल बोलू. आपलं भांडण तिथंच सुरू झालं, आणि ते अजून मिटलेलं नाही.

रोहिणखेडच्या बाजूची ती जोडी तुला मीच सांगितली होती. दोघं नोंदणी लग्नाच्या कागदांसाठी दुकानात आली. मुलीचे कागद टाइप होत होते तोवर मुलाला फोन आला, तो बाहेर गेला, परत आला आणि सगळ्यांसमोर तिला म्हणाला की मला तू आवडत नाहीस, मी टाइमपास करत होतो. आणि निघून गेला. पोरगी स्टुलावर बसून राहिली. मी तिला चहा दिला, तो तिनं हातात धरूनच गार केला. तिच्या भावांनी त्याला धमकावलं होतं आणि तिला काही होऊ नये म्हणून तो खोटं बोलला, हे पुढं दोन वर्षांनी कळलं. ती नोकरीच्या कागदांसाठी आली होती तेव्हा मला म्हणाली, “काकू, त्यानं खरं सांगतलं असतं तं मी पळाली असती, नाई तं घरी गेली असती. पण माह्यं मी ठरवलं असतं नं.”

मी तुला ही गोष्ट सांगितली ती त्या मुलाच्या नावानं बोटं मोडत. तू डोळे पुसत ऐकलीस. पुढच्याच आठवड्यात माझ्याकडं भाग अठ्ठावन्न आला: स्वरा आता स्वतःच्या आईला विसरेल, हे निहारला कळतं, म्हणून तो तिला म्हणतो की मला तुझा कंटाळा आलाय, मला तुझी गरज नाही. ती रडत निघून जाते, आणि तो कापसाच्या ढिगात तोंड लपवतो. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. भ्याडपणाचा एवढा सुंदर भाग मी त्याआधी वाचला नव्हता, आणि तो तू माझ्याच दुकानातल्या पोरीच्या जिवावर लिहिला होतास.

त्या दिवशी आपण किती भांडलो. मी म्हटलं, तुझ्या या निहारला अक्कल नाही. पोरीची आठवण जाणार आहे तर पोरीला सांग, तिची आठवण आहे, तिची आई आहे, ती ठरवेल. हा कोण लागून गेला परस्पर ठरवणारा? सगळ्या कादंबऱ्यांतले तुमचे हिरो हेच करतात. संकट आलं की आधी प्रेयसीशी खोटं बोलतात आणि वर त्याला त्याग म्हणतात. आणि त्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरी वाचून शिकतात की जो आपल्याला लाथाडतो तो आतून फार प्रेम करत असणार. उद्या एखादा खरंच लाथाडणारा भेटला तरी त्या त्याच्यात निहार शोधत बसतील.

मी एवढी तापले की तू नेहमी शांतच व्हायचीस, त्यानं मी आणखी तापायचे. तू म्हणालीस, “इचारलं का जीव लावणारं माणूस हावच म्हणते, संगे. नाई म्हणतच नाई. मंग इचारून फायदा काय?”

मी म्हटलं, फायद्याचा प्रश्नच नाही.

“भाऊजींच्या वक्ती तू कशी वाळली होती ते तुले आरशात दिसलं नाई,” तू म्हणालीस. “मले दिसलं.”

मला वाटलं तू विषय बदलतेयस. मूर्ख मी. मी परत निहारवर घसरले, तू पिशवी उचलून बस पकडायला गेलीस, आणि जाताना म्हणालीस की शेवट असाच राहणार. स्वराला कधीच कळणार नाही. ती मोठी होईल, तिचं सगळं चांगलं होईल आणि निहार तिला वाईटच वाटत राहील. मी म्हटलं, हा भाग चढवते, पण असला शेवट मी चढवणार नाही, दुसरी टायपिस्ट शोध.

तेव्हा तुझे रिपोर्ट आले होते, रेखे? मी तारखा जुळवून पाहिल्या. आले होते. दहा दिवस झाले होते.

त्यानंतर तू एकदाच दुकानात आलीस. कार्तिकातली दुपार, कोर्टाची जेवणाची सुटी, दुकानात वकिलांचे कारकून उभे. तू बसली नाहीस. उभ्यानंच म्हणालीस, “हे बघ संगीता, तुझ्या दुरुस्त्यांमुळे माझी कथा बिघडते आहे. मला आता तुझी गरज नाही. यापुढे माझं मी बघेन.”

संगीता. नऊ वर्षांत तू मला संगे सोडून काही म्हटलं नव्हतंस. आणि ती भाषा! देऊळघाटची बाई माझ्या दुकानात उभी राहून माझ्याशी पुस्तकासारखी बोलत होती. मला झोंबलं ते तेच. मला वाटलं, चार पोरींनी ताई ताई केलं म्हणून हिच्या डोक्यात हवा गेली, आता आपली बोली हिला गावंढळ वाटते. मी स्क्रीनवरून मान वर केली नाही. म्हटलं, मोठी लेखिका झालीस, जा.

आणि तू गेलीस. मी तुझी शेकडो पानं दुरुस्त केली. तुझं कोणतं वाक्य कुठून येतं ते मला झोपेत सांगता आलं असतं. त्या दिवशी माझ्यासमोर तू भाग अठ्ठावन्न म्हणून दाखवलास, जवळजवळ शब्दाला शब्द, आणि मला ओळखू आला नाही. ‘मला तुझी गरज नाही’ मी स्वतः ॲपवर चढवलं होतं, त्यातला एक ऱ्हस्व-दीर्घसुद्धा मी सुधारला होता. ही चूक माझी आहे, ती मी कुणावर ढकलत नाही. पण खोटं तू बोललीस.

चार महिने मी ताठ्यात काढले. तू फोन करशील, मग मी दोन दिवस उचलणार नाही, मग उचलेन, असं सगळं ठरवून ठेवलं होतं. संक्रांतीला तुझा तिळगूळ आला नाही तेव्हा मी घरात भांडी आपटली. देऊळघाटची गाडी स्टँडवर लागलेली दिसली की मी मुद्दाम दुसरीकडं पाहायचे. एकदा ॲप उघडलं. तू पासवर्ड बदलला नव्हतास. ‘गरज नाही’ म्हणणारी बाई पासवर्ड का बदलत नाही, एवढासुद्धा विचार मी केला नाही. फणकाऱ्यानं बंद केलं आणि कुणाचं तरी प्रतिज्ञापत्र टाइप करायला घेतलं.

मग तुमच्या गावचा एक माणूस नोटरीची वाट पाहत दुकानात उभा होता, तो सहज म्हणाला की आज माह्यं लवकर करा ताई, रेखाबाईच्या मातीले जाचं आहे. कोणती रेखाबाई, असं मी विचारलं. खरंच विचारलं. देऊळघाटात दुसरी एखादी रेखा असेल अशी मला फार आशा होती.

देऊळघाटात पोचून तुझा चेहरा पाहिला आणि मला सगळं कळलं. अरुणचं असंच झालं होतं. कपाळ तेवढं मोठं दिसायला लागतं आणि भुवया जातात. मी तिथं रडले नाही. बायका म्हणत होत्या, धक्का बसला बिचारीला. धक्का कसला, मला इतका राग आला होता की दातखीळ बसली होती.

तिसऱ्या दिवशी मी विलासभाऊंना अंगणात गाठलं आणि जाब विचारला. तुझ्या नवऱ्याला, ज्याची बायको जाऊन तीन दिवस झालेत त्याला, मी आरोपीसारखं उभं केलं. किती महिने? कुठं? अकोला. तोच दवाखाना, तोच मजला. मला का नाही कळवलं? ते बिचारे खाली पाहत म्हणाले, “तिनं मले शपथ घातली होती, ताई. संगीनं एक मरण पाह्यलं, आता दुसरं तिच्यासमोर नाई, असं म्हणे.”

कोण होतीस गं तू हे ठरवणारी?

मला सगळं येत होतं, रेखे. त्या वॉर्डातली कोणती सिस्टर गोड बोलल्यावर ऐकते आणि कोणतीला कडक बोलावं लागतं, ते मला माहीत होतं. तोंड आल्यावर भाकरी दह्यात किती वेळ भिजवली म्हणजे गिळता येते, हे मला माहीत होतं. आणि ते तूच शिकवलेलं होतं. अरुणच्या वेळी मी सगळं चाचपडत केलं, चुका केल्या, त्याचे हाल झाले. त्या चुकांतून जे काही शिकले ते पुढं कुणाच्या तरी कामी आलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. तुझ्या कामी आलं असतं तर अजून काय हवं होतं? मी तुझ्या घरापासून वीस मिनिटांवर बसून लोकांचे अर्ज टाइप करत होते, आणि तुझे पाय चेपायला विलासभाऊंनी जळगावहून आतेबहीण बोलावली होती. जिला तू धड ओळखत नव्हतीस.

तू म्हणाली होतीस, विचारलं की जीव लावणारं माणूस हो म्हणतंच, मग विचारून फायदा काय. तेव्हा मी ते झटकून टाकलं. खरं उत्तर आता सुचलंय. हो म्हणायला मिळणं हेच माझं होतं. मी वाळले असते, रडले असते, त्या बाकावर पुन्हा माझी कंबर धरली असती, आणि ते सगळं मी स्वतः हो म्हणून केलं असतं. अरुणसाठी मी वाळले त्याचा मला एक दिवस पश्चात्ताप झालेला नाही. तो गेला तेव्हा माझा हात त्याच्या हातात होता, आणि एवढ्याच्या आधारावर मी गेली दोन वर्षं जगले. तुझ्या बाबतीत माझ्याकडं काय आहे? ‘मोठी लेखिका झालीस, जा.’ हे मला शेवटचं देऊन गेलीस तू. याला मला वाचवणं म्हणतेस?

निघताना प्राचीनं तुझा मोबाईल माझ्या हातात दिला. म्हणाली, “मावशी, यात काय आहे ते तुम्हालेच समजंल.” मला वाटलं चिठ्ठी असेल. निदान एखादं रेकॉर्डिंग. काही नव्हतं. तू पक्की होतीस. मिळाला तो फक्त भाग एकोणसाठ, अर्धा, दवाखान्यात खाटेवर पडून सांगितलेला. मोबाईलनं त्याच्या सवयीनं कानावर पडलं ते सगळं उतरवून घेतलं होतं. ‘स्वरानं मागे वळून पाहिलं नाही पूर्णविराम सलाईन संपलं का बघा तिच्या डोळ्यांसमोर आता नवं शहर होतं पूर्णविराम पाणी नको मळमळतं तिला निहारचा चेहरा आठवेना.’ मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून ते चार वेळा वाचलं. नऊ वर्षांत तुझ्या मजकुरातला फापटपसारा मी काढत आले. हा काढायला माझा हात उठला नाही.

त्या भागात तू म्हटलंस तसंच होतं. स्वरा फसते, निघून जाते आणि सुखी होते. तिला कधीच कळत नाही. तू उलट्या करत करत माझ्यासाठी ही सोय लिहीत होतीस.

तेव्हा मी नरमले, रेखे. खोटं कशाला सांगू. ठरवलं, की दहाव्याला जायचं आणि कावळ्यासमोर कबूल करायचं. म्हणायचं, तुझा शेवट तुझ्या मनासारखा चढवते, एक काना-मात्रा बदलत नाही, शिव घास. भांडणात हार मानायची मला सवय नाही, तुला माहीत आहे. दोन दिवस मी ते वाक्य मनात घोकत होते.

नदीवर सगळे जमले होते. पिंड मांडले, भातावर तुझ्या आवडीची वांग्याची भाजी घातली. विलासभाऊ प्राचीच्या शिक्षणाचं बोलणार होते. तुझा दीर बांधाच्या वादाचं मिटवतो म्हणणार होता. त्यानंतर मी पुढं होणार होते, बाईमाणसानं पुढं यावं की नाही याची चर्चा काय व्हायची ती होवो. आणि आम्ही चार पावलं मागं सरकतोय तोच कावळा आला. कुणी तोंड उघडायच्या आत. थेट भातावर बसला, वांगं उचललं आणि गेला. सगळ्यांना केवढं हायसं वाटलं. ऊन चढत होतं, लोकांना कामं होती. तुझी चुलतसासू हात जोडून म्हणाली, “समाधानानं गेली बाई. काईच मांगं राह्यलं नाई तिचं.”

काहीच मागं राहिलं नाही. मी तिथं दगडावर उभी होते, ते वाक्य जिभेवर घेऊन. सगळ्यांच्या देखत मी मागं राहिले होते. तुला माझं कबूल करणंसुद्धा नको होतं? दोन मिनिटं थांबली असतीस तर काय बिघडलं असतं? लोक तासन्‌तास कावळ्याची वाट पाहतात आणि तू मला एक वाक्य बोलू दिलं नाहीस. मी तिथून तोंड फिरवून निघाले. जेवायला थांबले नाही. बायका काय बोलल्या असतील ते बोलल्या असतील.

बसमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काहीच कबूल केलेलं नाही. ना तुला, ना कावळ्याला. मी मोकळी आहे.

म्हणून परवा मी भाग एकोणसाठ लिहिला. मी, जिनं अर्ज आणि प्रतिज्ञापत्रांपलीकडं आयुष्यात काही लिहिलं नाही. माझ्या भागात स्वरा नव्या शहराच्या गाडीत बसते आणि पुढच्या थांब्यावर उतरते. जिनिंगपर्यंत चालत येते. तिला कळलेलं असतं, कारण पोरी एवढ्या बावळट नसतात. आपण बावळट असतो, बायका, चाळिशीच्या. निहार कापसाच्या ढिगामागं लपलेला असतो आणि ती दारात उभी राहून त्याला सगळं बोलते. जे बोलायला मला तुझ्या खाटेपाशी यायचं होतं, ते सगळं. दोन पानं बोलते. हुंदके देत नाही, भांडते. शेवटी विचारते की माझी आठवण जाणार होती, आई जाणार होती, तर मला का नाही विचारलंस? मी हो म्हटलं असतं म्हणून?

इथवर झालं, रेखे. ते चांगलंही झालंय, कौसाबाईला वाचून दाखवलं तर ती बांधावर बसून रडली. आता निहारनं उत्तर द्यायचं आहे. कालपासून मी त्या ओळीवर थांबलेय. निहारचं बोलणं नेहमी तूच सांगायचीस, मी नुसती दुरुस्त करायचे. स्वरा दारात उभी आहे, तिनं विचारलंय, आणि तो काय म्हणाला ते मला येत नाही.